मेणापासून मंदिरापर्यंत : पंचधातूच्या मूर्तींची ओळख

देवळात आलेली मुले एक प्रश्न हमखास विचारतात. गाभाऱ्यात दगडाची एवढी मोठी मूर्ती आहे, मग तिच्यासमोर तोच देव पुन्हा धातूचा आणि लहान कशाला? आपण मोठी माणसे बहुधा "ती उत्सवाची मूर्ती" एवढे सांगून मोकळे होतो. उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. परदेशातील पुष्कळ हिंदू मंदिरांतल्या या धातूच्या मूर्ती तामिळनाडूतील कारागिरांनी घडवलेल्या असतात. त्या ज्या पद्धतीने घडतात तिचा विशेष असा, की एका साच्यातून एकच मूर्ती निघते. दुसरी निघूच शकत नाही. या एका गोष्टीमुळे पुढे काय काय घडले, ते या लेखात सांगायचे आहे.

आधी मुलांच्या प्रश्नाचे उत्तर. आपल्या परंपरेत मूर्ती दोन प्रकारच्या मानतात, अचल आणि चल. गाभाऱ्यातील मूळ मूर्ती अचल. प्रतिष्ठा झाल्यावर ती जागची हलत नाही. पण देव हा राजा आहे, राजाने अधूनमधून प्रजेला भेटायला बाहेर पडावे, ज्यांना देवळापर्यंत येणे होत नाही त्यांच्या दारावरून जावे, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी. जेजुरीला सोमवती अमावास्येला खंडोबा आणि म्हाळसा यांच्या उत्सवमूर्ती पालखीतून कऱ्हा नदीवर स्नानाला जातात, ते आपल्यापैकी कित्येकांनी पाहिले असेल. तामिळ देशात ही प्रथा फारच थाटाची. तेथे खांद्यांवरून हिंदकळत जाणारी मूर्ती दगडाची असती तर पहिल्याच वळणावर हात नाही तर आयुध निखळले असते. म्हणून ती धातूची. जुन्या चोल मूर्तींच्या पीठाकडे नीट पाहिले, तर बाजूंना कड्या किंवा भोके दिसतात. ती शोभेची नाहीत. दांडे आणि दोर अडकवून मूर्ती पक्की बसवण्यासाठी आहेत. संग्रहालयात काचेआड उभ्या असलेल्या मूर्तीच्याही पायाशी ही भोके असतात. मूर्ती मिरवायला घडवली होती, हे तेवढ्यावरून कळते.

आता पद्धतीकडे वळू. मेण घालवून त्या जागी धातू ओतण्याच्या या विद्येला संस्कृतात 'मधूच्छिष्टविधान' असे भारदस्त नाव आहे. मधाचे उच्छिष्ट, म्हणजे मध काढून घेतल्यावर पोळ्याचे जे उरते, ते मेण. विद्या किती जुनी म्हणाल, तर मोहेंजोदडो येथे १९२६ साली सापडलेली साडेदहा सेंटिमीटर उंचीची प्रसिद्ध नर्तकी याच पद्धतीने ओतलेली आहे. आणि आपल्याच महाराष्ट्रात, प्रवरा नदीच्या काठी दायमाबाद येथे १९७४ साली चार कांस्यशिल्पे मिळाली. रथ हाकणारा पुरुष, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारही भरीव आणि मिळून वजन ६० किलोंहून अधिक! त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत, पण एवढे भरीव ओतकाम ज्यांनी केले ते नवशिके खास नव्हते.

या विद्येचे लेखी वर्णन बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात आहे. ग्रंथकर्ता कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर. त्याचे कल्याणी म्हणजे आजचे कर्नाटकातील बसवकल्याण, आणि महाराष्ट्राचा मोठा भाग तेव्हा त्याच घराण्याच्या अंमलाखाली होता. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात, अशी नोंद ज्या ग्रंथात सापडते तो हाच. त्याच ग्रंथात राजेसाहेब मेणाची मूर्ती कशी करावी, तिच्यावर मातीचे लेप कसे द्यावेत आणि मेणाच्या वजनावरून तांबे, चांदी किंवा सोने किती घ्यावे, हे सांगतात. यामागचे गणित मुलांनाही सोडवता येईल. मेण पाण्यावर तरंगते, कांसे पाण्याच्या साडेआठ ते नऊ पट जड. म्हणजे एक किलो मेणाच्या मूर्तीसाठी साधारण नऊ किलो धातू लागणार. ओतताना धातू मध्येच संपला तर सगळी मेहनत वाया, म्हणून मेण आधी तोलून ठेवायचे.

ही परंपरा आज सर्वांत जोमाने चालू आहे ती तंजावर जिल्ह्यात, कुंभकोणमजवळच्या स्वामीमलै या गावी. मुरुगनच्या, म्हणजे आपल्या कार्तिकेयाच्या, सहा प्रमुख क्षेत्रांपैकी हे एक. येथील मूर्तिकारांना स्थपती म्हणतात. येथील कांस्यमूर्तींना भौगोलिक निर्देशांकही मिळाला आहे. तंजावरचे नाव घेतले की मराठी माणसाचे कान टवकारतात, आणि ते योग्यच आहे. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी सतराव्या शतकात तेथे राज्य स्थापले आणि ते १८५५ पर्यंत टिकले. राजराज चोलाने १०१० साली पूर्ण केलेल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला, तो आजही वाचता येतो. भोसल्यांच्या राजवाड्यातच आता तंजावरचे कलादालन आहे आणि चोल मूर्तींचा एक अप्रतिम संग्रह तेथे आहे. तंजावरला गेलात तर मंदिर पाहून परत फिरू नका, वाडाही पाहा.

काही वर्षांपूर्वी स्वामीमलैला एका कार्यशाळेत दिवसभर बसण्याचा योग आला. सर्वप्रथम नजरेत भरली ती नारळाच्या झावळीची एक पट्टी. मूर्ती जेवढी उंच करायची तेवढी पट्टी कापतात आणि तिला ठरावीक घड्या घालतात. हीच स्थपतीची मोजपट्टी. तालमान पद्धतीत विष्णू, शिव अशा प्रमुख देवांना 'उत्तम दशताल' हे माप, म्हणजे उंचीचे १२४ भाग. देवींना बहुधा १२० भागांचे 'मध्यम दशताल'. या भागाला अंगुल म्हणतात, पण हे अंगुल म्हणजे बोटाची रुंदी नव्हे. मूर्ती वीतभर असो की पुरुषभर, तिच्या उंचीचा १२४ वा भाग हेच तिचे अंगुल. केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंत किती, गळा किती, नाभी कोठे, गुडघा कोठे, सर्व ठरलेले. गणपतीला मात्र पंचताल, म्हणून तो ठेंगणा, गोंडस आणि लंबोदर.

शरीरशास्त्र शिकून आलेल्या माझ्यासारखीला येथे थोडे अडखळायला होते. खऱ्या माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साडेसात पटींच्या आसपास असते. तालमानातले देव त्याहून सडपातळ आणि उंच. शिवाय दंडावर स्नायूंच्या गाठी नाहीत, हातावर शिरा नाहीत, गुडघ्याची वाटी जेमतेम सुचवलेली. ग्रीक शिल्पाशी तुलना करून कोणी याला अज्ञान म्हणेल, पण मला ते पटत नाही. मांडी कोठे भरावी, कमरेत बाक किती द्यावा, एका पायावर भार घेतल्यावर दुसरे नितंब किती सैल पडते, हे ज्याला इतके अचूक कळते त्याला शरीर उत्तम कळत होते. त्याला हाडामांसाचा देह दाखवायचाच नव्हता. श्वास आत भरून घेतल्यावर छाती जशी क्षणभर भरलेली राहते, तसा तो देह आहे.

मेणात राळ आणि थोडे भुईमुगाचे तेल मिसळून ते मळून घेतात. नुसते मेण उन्हाळ्यात फार मऊ पडते. डोके, धड, हातपाय, आयुधे वेगवेगळी घडवून तापलेल्या सळईने जोडतात आणि मध्येमध्ये थंड पाण्यात बुडवून घट्ट करतात. दागिन्यांचे मणी, यज्ञोपवीताचे पदर, सगळे मेणात. मग धातू आत जाण्यासाठी आणि हवा बाहेर पडण्यासाठी मेणाच्याच कांड्या जोडायच्या. यानंतर मातीचे लेप. पहिला लेप कावेरीच्या गाळाच्या अतिशय बारीक मातीचा, त्यात भाताचे जळके तूस वाटून घातलेले. मेणावरची नखाएवढी रेघही धातूत उतरायची ती या लेपामुळे, म्हणून तो हाताने अगदी हलके लावतात. दुसरा लेप शेतातल्या मातीचा आणि वाळूचा, तिसरा आणखी जाड. मोठ्या मूर्तीला तारा आणि लोखंडी सळ्यांनी बांधतात. साचा सुकवायचा तो सावलीत. उन्हात ठेवला तर तडा जातो.

सुकलेला साचा गोवऱ्यांच्या विस्तवावर तापवला की मेण वितळून भोकांतून बाहेर येते. मेण साठ-पासष्ट अंशांवरच वितळते, धातूला मात्र हजार अंशांच्या आसपास जावे लागते. साचा तापलेला असतानाच जमिनीत पुरून तोंड वर ठेवतात आणि बारीक, अखंड धारेने रस ओततात. धार तुटली तर मूर्तीत सांधा राहतो. साच्यात ओल राहिली तर वाफेने तो फुटतो. सगळी मंडळी त्या वेळी गप्प असतात. शस्त्रक्रियागृहात अशी शांतता मी पुष्कळदा अनुभवली आहे.

साचा पूर्ण थंड व्हायला लहान मूर्तीला दिवस, मोठीला कित्येक दिवस लागतात. मग तो फोडायचा, कारण दुसरा मार्गच नाही. मेण गेले, साचाही गेला, उरली ती एकटी मूर्ती. पुढे छिन्नी आणि कानशीचे काम आठवडेच्या आठवडे चालते. जाणकार सांगतात, की चोल काळात बहुतेक सर्व बारकावे मेणातच केले जात, छिन्नीला फारसे काम उरत नसे. जुन्या मूर्तीच्या चेहऱ्यावरचा मऊपणा त्यातून आला असावा. शेवटी डोळे उघडण्याचा विधी. तो होईपर्यंत ही वस्तू आहे, देव नव्हे.

आपल्या घरच्या देवांशी याचे नाते काय? देवघरातले टाक पत्र्यावर ठसा उठवून केलेले असतात, देवीचे मुखवटेही बहुधा पत्रा ठोकून. पुण्याच्या तांबट आळीतले काम हातोडीचे. पण सासरी येताना मुलीला दिलेली अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण मात्र बहुतेक वेळा ओतीव. जुनी, हाताला जड लागणारी अन्नपूर्णा घरी असेल तर तळाशी उलटून पाहा. ओतकामाची खडबडीत खूण बऱ्याचदा दिसते. नेपाळमध्ये पाटण येथे आणि छत्तीसगडमध्ये बस्तरच्या ढोकरा कामातही मेणाचीच पद्धत आहे, पण तेथे आत मातीचा गाभा ठेवून मूर्ती पोकळ करतात. दक्षिणेत ती भरीव.

डॉक्टर म्हणून एक गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. १९०७ साली विल्यम टॅगार्ट नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने दातात बसवायचे सोन्याचे भरण याच पद्धतीने ओतण्याची रीत दंतवैद्यांपुढे मांडली. तेव्हापासून असंख्य दातांवरच्या टोप्या मेणात घडून धातूत उतरल्या. गुडघा बदलताना मांडीच्या हाडावर जो कोबाल्ट-क्रोमचा चकचकीत भाग बसवतात, तोही बहुधा अशाच ओतकामातून येतो. तेव्हा ज्या आजींचा गुडघा बदलला आहे त्यांनी नातवंडांना सांगायला हरकत नाही, की माझ्या पायात आणि देवळातल्या मूर्तीत एकच विद्या आहे!

आणि एक सूचनाही, डॉक्टरकीचीच. पंचधातू किंवा दक्षिणेतला पंचलोह म्हणजे प्रत्यक्षात बहुतांश तांबे, थोडे पितळ आणि जरासे शिसे. सोने-चांदी असलेच तर नावापुरते. दही, लिंबू, मध अशा आंबट पदार्थांत तांबे आणि शिसे थोडेथोडे उतरतात. पंचामृताचा अभिषेक जरूर करावा, पण मूर्ती लगेच स्वच्छ पाण्याने धुऊन पुसावी, आणि प्यायचे पंचामृत, विशेषतः लहान मुलांचे आणि गरोदर स्त्रियांचे, वेगळ्या चांदीच्या किंवा स्टीलच्या भांड्यात ठेवावे. श्रद्धेला यात काही बाधा येत नाही.

आता त्या एकटेपणाच्या गोष्टीकडे येते. राजराज चोलाने आणि त्याच्या घरच्या मंडळींनी बृहदीश्वर मंदिराला ज्या धातुमूर्ती अर्पण केल्या, त्यांची यादी मंदिराच्या दगडावरच कोरलेली आहे. नुसती नावे नाहीत. उंची किती, हात किती, पीठ कसे, अंगावर दागिने कोणते, असा सगळा तपशील. हजार वर्षांपूर्वीची ही नोंदवही. पुढे स्वाऱ्यांच्या काळात पुष्कळ गावांनी आपल्या उत्सवमूर्ती देवळाच्या आवारातच पुरून ठेवल्या. पुरणारे गेले, जागा विस्मरणात गेली आणि शेकडो वर्षांनी नांगराच्या फाळाला किंवा पाया खणताना कुदळीला देव लागले. तिरुवेंकाडू येथे अशाच मिळालेल्या मूर्तींपैकी वृषवाहन शिव आज तंजावरच्या कलादालनात आहे. साधारण १०११ सालचा. एक पाय दुसऱ्यापुढे सहज टाकलेला, जटा पागोट्यासारख्या बांधलेल्या, आणि उजवा हात हवेत टेकलेला. तो हात नंदीच्या पाठीवर होता. नंदी आता नाही, पण शिवाच्या कोपराच्या बाकावरून त्याची उंची सांगता येते.

जमिनीतून निघालेल्या सगळ्याच मूर्ती कलादालनात पोहोचल्या नाहीत. १९७६ साली पत्तूर गावी एका मजुराला नटराज सापडला. तो हातोहाती विकला जाऊन लंडनला पोहोचला आणि १९८२ साली कॅनडातील एका कंपनीने विकत घेतला. पुढे लंडनमध्ये पोलिसांनी तो ताब्यात घेतला आणि खटला उभा राहिला. तो नटराज पत्तूरचाच, हे सिद्ध करायचे कसे? एखाद्या बेवारस देहाची ओळख पटवावी तसे तज्ज्ञ कामाला लागले. त्याच खड्ड्यातून निघालेल्या इतर मूर्तींशी त्याचा धातू ताडून पाहिला, चिकटलेली माती ताडून पाहिली, वाळवीने मातीत केलेल्या वाटांचे ठसेसुद्धा ताडले. १९८८ साली न्यायालयाने भारताच्या बाजूने निकाल दिला, १९९१ साली अपिलातही तो कायम राहिला आणि नटराज स्वदेशी परतला. दावेदारांत त्या पडक्या मंदिरातले शिवलिंगही होते, हे मुलांना आवर्जून सांगावे. पुढच्या काळात धातुशास्त्रज्ञ शारदा श्रीनिवासन यांनी मूर्तींतल्या शिशाच्या समस्थानिकांवरून त्यांचा काळ ओळखण्याचे काम केले. बोटांच्या ठशांसारखेच म्हणा ना.

शिवपुरमच्या नटराजाची कथा तर अधिक विषण्ण करणारी. विसाव्या शतकाच्या मध्याला ही मूर्ती दुरुस्तीसाठी दिली गेली आणि परत आली ती तिची नक्कल. गावकरी नकलेची पूजा करत राहिले. १९६५ साली ब्रिटिश म्युझियमच्या डग्लस बॅरेट यांनी देवळातली मूर्ती खरी नसल्याचे छापले, तेव्हा कोठे चौकशी सुरू झाली. मूळ मूर्ती अमेरिकेत नॉर्टन सायमन यांच्याकडे पोहोचली होती. ती १९८६ साली परत आली. नक्कल करणारा कितीही निष्णात असला तरी त्याने नवे मेण घडवले, नवा साचा केला. फरक पडायचाच. प्रश्न एवढाच, की तो ओळखायला जुन्या मूर्तीची नोंद हवी.

श्रीपुरंतन गावच्या नटराजाच्या बाबतीत ती होती. २००६ साली ही मूर्ती चोरीला गेली आणि २००८ साली ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल गॅलरीने ती पन्नास लाख डॉलरहून अधिक किमतीला घेतली. पाँडिचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटने पूर्वी गावोगावच्या देवळांतील मूर्तींचे फोटो काढून ठेवले होते. त्या जुन्या कृष्णधवल फोटोंशी संग्रहालयाची छायाचित्रे जुळली. २०१४ साली ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी ती मूर्ती भारताला परत केली. विक्रेता सुभाष कपूर याला २०२२ साली कुंभकोणमच्या न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा दिली. अनंतमंगलम गावचे राम, लक्ष्मण आणि सीता १९७८ साली गेले होते. तेही इंग्लंडमधून २०२० साली परत आले, ते १९५८ च्या फोटोंच्या आधारे.

हे सारे आपल्याशी कसे संबंधित आहे? आपल्यापैकी काही जण लिलावांत किंवा जुन्या वस्तूंच्या दुकानांत 'प्राचीन' मूर्ती पाहतात. देवघरात जुना देव असावा, ही इच्छा समजण्यासारखी आहे. पण ती कोणत्या गावाहून, कोणत्या साली, कोणत्या परवान्याने आली, याचा कागद दुकानदार दाखवू शकत नसेल, तर माझ्या मते ती घेऊ नये. स्वामीमलैची नवी मूर्ती मागवावी, घडवणाऱ्याला चार पैसे मिळतील. भारतातून येताना आजीची मूर्ती बरोबर आणायची असेल, तर १९७२ चा पुरावशेष कायदा ध्यानात ठेवावा: १०० वर्षांहून जुनी मूर्ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. मूर्ती तेवढी जुनी नसेल, पण तशी दिसत असेल, तर पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडून तसा दाखला आधी घ्यावा. विमानतळावर वाद घालून उपयोग होत नाही.

आणि मंदिरांच्या कार्यकारिणींना एक विनंती. आपल्या प्रत्येक उत्सवमूर्तीची एक नोंद करून ठेवा. वस्त्रे आणि अलंकार उतरवलेले असताना, पुजारीबुवांच्या परवानगीने, चारही बाजूंनी आणि पीठाच्या तळाचे फोटो, पीठापासून मुकुटापर्यंतची उंची, वजन, घडवणाऱ्या स्थपतीचे नाव आणि वर्ष, ओतकामात राहिलेले एखादे छिद्र, छिन्नीची तिरपी रेघ, पुढे कधी पडलेला पोचा. एक प्रत मंदिरात, एक बाहेर सुरक्षित ठिकाणी. हे काम एका रविवारात होते, आणि मोजपट्टी धरायला मुले आनंदाने येतात.